गावठाणाबाहेर

"तुमचं गावठाणाबाहेर पडतं," खिडकीतली बाई म्हणाली, माझी फाइल माझ्याकडे सरकवली आणि मागच्या माणसाला 'बोला' म्हणाली. झालं ते एवढंच. तिने ते वाईटपणाने म्हटलं असतं तर मला बरं वाटलं असतं; निदान भांडता आलं असतं. पण तिच्या मनात काहीच नव्हतं. तिच्या डोक्यात त्या वेळी बहुधा घरी जाताना घ्यायची मेथी होती. मी जन्मभर विक्रीकर खात्यात फाइली सरकवल्या आहेत, त्यामुळे कोण कशी सरकवतो यावरून मला माणूस कळतो. ही बाई निर्दोष होती. तिने टेबलावरच्या नकाशाकडे बघितलं, गावठाणाच्या पिवळ्या डागाच्या कडेने बोट फिरवलं, माझ्या प्लॉटवर आणलं आणि दिसलं ते सांगितलं. मी मात्र खिडकीसमोरून हललो नाही. मागचा माणूस म्हणाला, "आजोबा, झालं ना तुमचं?" मला आजोबा म्हणतो, लेकाचा, आणि स्वतःच्या कानातले केस पांढरे. मी बाजूला झालो. परवानगीच्या ऑफिसात भिंतीला लागून जे प्लास्टिकचे बाक असतात, त्यातल्या एकावर बसलो. पंखा फिरत होता, पण वारा नेमका खिडकीच्या आतल्या बाजूलाच जात होता. बसल्या बसल्या माझ्या तळहातांना घाम आला, आणि तो घाम इथला नव्हता हे मला लगेच कळलं.

तो माण तालुक्यातला होता. शाळेला सुट्टी लागली की वडील मला त्यांच्या गावी न्यायचे. एसटी वेशीपाशी सोडायची. तिथून सरळ रस्ता मारुतीच्या देवळावरून जायचा, आणि वडील माझा हात धरून तो रस्ता सोडायचे आणि बांधावरून वळसा घालायचे. तापलेली ढेकळं, पायात पुण्याहून नवे घेतलेले बूट. आजा पुढे आलेला असायचा. मी एकदा विचारलं, सरळ रस्ता आहे की, मग आपण असे कडेने का जातो? आज्याने काठी उचलली आणि म्हणाला, "गाव तिकडं हाय. आपण इकडं." यात काही रडगाणं नव्हतं. दिशा सांगावी तसं त्याने सांगितलं. तेव्हा तसं कुणी अडवतही नव्हतं म्हणे, कायदा झालेला होता, दीक्षा होऊनही बरीच वर्षं गेली होती. पण वडिलांचे पाय आपोआप वळायचे. मला त्या वळणाऱ्या पायांचा इतका राग यायचा की मी मुद्दाम मागे राहायचो. मग बाकावर बसून मी हिशेब केला, तर आज्याच्या आणि त्या खिडकीतल्या बाईच्या बोलण्यात शब्दांचाही फार फरक नव्हता. फक्त तिच्याकडे काठी नव्हती, जेल पेन होतं.

घर पाहावं बांधून म्हणतात. म्हणणाऱ्याने परवानगी काढली नसणार. त्याने भिंती उभ्या केल्या असतील, वर गवत टाकलं असेल आणि मोकळा झाला असेल. बांधकामाचा काय त्रास आहे? विटेला वीट लागते. पण त्याच्या आधी झोन दाखला, मोजणी, चारी बाजूंनी किती जागा मोकळी सोडली त्याचं आरेखन, झाडं कुठे लावणार, पावसाचं पाणी कुठे मुरवणार. आणि हे सगळं कोण विचारतं? ज्या शहरात पार्किंग म्हणून मंजूर झालेल्या जागेत ब्यूटी पार्लर चालतं, ज्याच्या गच्च्यांवर रातोरात पत्र्याच्या खोल्या उगवतात, ते शहर. माझा मेहुणा म्हणाला होता, "दाजी, तुम्ही पण ना! बांधून टाका. नंतर बघता येतं सगळं." हे 'नंतर बघता येतं' मी आयुष्यभर ऐकत आलोय आणि म्हणणाऱ्याच्या तोंडाकडे बघून मला नेहमी शिसारी आलेली आहे. मला तसं घर नको होतं. तसल्या घरात मी जन्मलो. येरवड्यात, जेलच्या मागच्या अंगाला, पत्र्याची खोली होती आमची, आणि ती कुठल्याच कागदावर नव्हती. पुढे कधीतरी पाहणीवाले आले आणि दारावर तांबड्या रंगात एक नंबर रंगवून गेले. वडिलांनी त्यानंतर दार पुसलं ते नंबर सोडून. मरेपर्यंत. बाकी दार लख्ख आणि मधोमध तो मळलेला चौकोन. मला मंजूर घर पाहिजे होतं. नकाशावर गोल शिक्का, खाली सही, 'मंजूर' हा शब्द. एवढा एक शब्द आमच्या घराण्यात कुणाच्या घरावर लिहिलेला नाही.

नंदाला, माझ्या बायकोला, शिक्क्याशी काही देणंघेणं नव्हतं. तिला जमीन पाहिजे होती. आम्ही येरवड्यातच, आता एका सोसायटीत, तिसऱ्या मजल्यावर राहतो. लिफ्टची जागा आहे, लिफ्ट नाही. तिथे सायकली आहेत. नंदाचे गुडघे गेले. ती आता आठवड्यातून एकदा खाली उतरते, विहारात जायला, आणि वर येताना प्रत्येक जिन्याच्या वळणावर बसते. लोक जाता-येता "काय काकू, दमलात?" असं विचारतात. बसलेल्या माणसाला दमलात का विचारणाऱ्यांची अक्कल कुठे गहाण पडलेली असते कोण जाणे. गॅलरीत तिने रंगाच्या बादलीत एक पिंपळ लावलाय. कुणीतरी गयेहून आणलेल्या बोधिवृक्षाचं रोप. ते आता माझ्या खांद्याला लागलंय आणि बादली फुगलीय. सोसायटीचे सेक्रेटरी दोनदा सांगून गेले, घरात पिंपळ ठेवू नये. नंदा म्हणाली, "घरात नाहीच ठेवायचा हो. अंगणात लावणार आहे." अंगण! ते बोलताना तिचा चेहरा असा उजळला की मला तिथून उठून जावं लागलं. त्या दिवशी ऑफिसातून परत आलो तेव्हा ती त्या बादलीलाच पाणी घालत होती. "काय म्हणाले?" तिने विचारलं. मी म्हणालो, "काय म्हणणार? गाढवं आहेत सगळी. बघतो म्हणाले." ती हसली. मी लोकांना गाढव म्हटलं की काम रस्त्याला लागलंय असं तिला वाटतं.

आर्किटेक्ट चेतनचं ऑफिस कसबा पेठेत आहे, एका तांबटाच्या दुकानावर. खाली दिवसभर भांड्यावर ठोके पडतात आणि वर चेतन एफएसआय सांगतो. गोड मुलगा. गोड मुलांचा मला तिटकारा आहे. "सर, बेसिकली काय आहे," तो म्हणाला, "आपला प्लॉट शेती झोनमध्ये आहे. पण गावठाणाच्या हद्दीपासून ठरावीक अंतरात रेसिडेन्शियल अलाऊड आहे. ती लिमिट आपल्या प्लॉटच्या मधून जातेय." त्याने स्क्रीनवर माझा प्लॉट उघडला. हिरव्यावर एक छोटा चौकोन, आणि त्याला आडवी छेदून गेलेली रेघ. "मग अर्ध्यात बांधू," मी म्हणालो. "बांधू शकतो, सर. पण पुढे मार्जिन, मागे मार्जिन, दोन्ही साइडला मार्जिन. ते सोडलं की..." त्याने चौकोन आतून खोडत आणला. "काय उरतं?" "टॉयलेट आणि जिना बसेल, सर." खाली ठण्, ठण्. मला हसू आलं. शौचाला जायचं आणि जिन्यावर बसायचं, नंदाचं आत्ता जे चाललंय त्यात फार बदल नाही. मग मी म्हणालो, "अहो, पण गाव माझ्या प्लॉटला लागून आहे. मी घेताना बघितलंय. बांध ओलांडला की गाव. शाळा आहे, विहार आहे, पाण्याची टाकी आहे." चेतनने स्क्रीन मोठी केली. पिवळा डाग पार डावीकडे होता. माझ्या प्लॉटला लागून जे होतं ते हिरवंच होतं, त्यात घरांची बारीक ठिपक्यांची रांग. "ती वस्ती आहे, सर," चेतन म्हणाला. "ती गावठाणात काउंट होत नाही." त्याला माझं आडनाव माहीत आहे. ओव्हाळ. दशरथ ओव्हाळ, त्याच्याच फाइलीवर लिहिलंय. पण त्या पोराच्या डोक्यात दोन गोष्टी एकमेकींना भेटल्याच नाहीत. भेटल्या असत्या तर तो ओशाळला असता, आणि मग मला त्याचा आणखी राग आला असता. म्हणजे काही केलं तरी त्याची सुटका नव्हतीच.

माझा संताप मग पोपटवर गेला. पोपटने मला प्लॉट दाखवला होता. वाघोलीच्या पुढे, नगर रस्ता सोडून आत गेलं की ते गाव. पोपट त्या वस्तीतलाच, प्लॉटच्या मध्यस्थीचा धंदा, गळ्यात साखळी, बुलेटवर मोठ्या अक्षरांत जय भीम. 'साहेब, गावाला लागून हाय, डोळं झाकून घ्या,' असं म्हणाला होता. आपल्या माणसाने आपल्याच माणसाला टोपी घालावी! रिक्षाने जाताना मी त्याला काय काय म्हणायचं ते जुळवत होतो, आणि मला सांगायला हरकत नाही, त्यात मला मजा येत होती. तो वस्तीच्या कट्ट्यावरच भेटला. "जय भीम, साहेब! पाया कधी घालायचा?" मी आवाज चढवला. म्हणालो, "गावाला लागून आहे म्हणालास. कुठलं गाव? गाव तिकडे पार ओढ्यापलीकडे आहे!" पोपट माझ्याकडे बघत राहिला. त्याने मागे वळून बघितलं. कौलारू घरं, दोन स्लॅबची, शाळेच्या भिंतीवर रंगवलेलं अशोकचक्र, नळावर बायका. पुन्हा माझ्याकडे बघितलं. "मंग ह्ये काय हाय?" तो म्हणाला. तो सोंग करत नव्हता. पन्नाशीचा माणूस, जमिनी विकून पोट भरणारा, सातबारा एका नजरेत वाचणारा. पण आपण जिथे जन्मलो ते गाव नाही ही शंका त्याला विकताना आली नव्हती. आणि मला तरी कुठे आली होती? जन्मभर कागदाची उलटी बाजूही वाचणारा मी. शाळा दिसली, विहार दिसला, निळा झेंडा दिसला, आणि माझ्या डोळ्यांनी सांगितलं, हे गाव. दुसरं कुठलंही गिऱ्हाईक असतं तर त्याने विचारलं असतं, 'ही वस्ती, पण गाव कुठे?' आम्ही दोघंच असे मूर्ख निघालो की ज्यांनी वस्तीला गाव धरलं. जुळवून आणलेलं एकही वाक्य मला बोलता आलं नाही. पोपटने चहा मागवला.

चहा पिता पिता तो म्हणाला की नवा नकाशा लागलाय ग्रामपंचायतीच्या भिंतीवर, हरकती मागवल्यात, पण बघायला कोण जातो. आम्ही गेलो. गावातून. सरळ रस्त्याने, देवळावरून. मी मुद्दाम मधून चाललो आणि एका गाडीवाल्याने हॉर्न वाजवला तरी हललो नाही. नव्या नकाशात पिवळा डाग वाढला होता. तो रस्त्याच्या कडेने पुढे आला होता, त्यात पतसंस्था आली होती, परवा बांधलेलं मंगल कार्यालय आलं होतं, त्याचं पार्किंगसुद्धा आलं होतं. आणि वस्तीपाशी येऊन रेघ आत वळली होती, बाजूने गेली होती आणि पुढे पुन्हा बाहेर आली होती. मी ती रेघ बोटाने चाचपली. तिला वळसा घालता येत होता. माझ्या वडिलांच्या पायांसारखीच ती वळली होती, फक्त उलट्या बाजूने. पोपट म्हणाला, "च्यायला. मांडव गाव हाय, आन् आमी न्हाई." मग माझ्याकडे वळून, "साहेब, तुमी लिवा. तुमची भाषा त्यांला कळती." वस्तीत परत येऊन मी त्याच कट्ट्यावर बसून हरकत लिहिली. 'उपरोक्त विषयास अनुसरून विनम्रपणे निदर्शनास आणून देण्यात येते की, सदर वस्ती ही मूळ गावाइतकीच जुनी असून...' विनम्रपणे! इतका थंड, इतका सभ्य, इतका विषारी मजकूर मी नोकरीतही कधी लिहिला नव्हता. वस्तीतल्या माणसांनी एकामागून एक सह्या केल्या. एका म्हातारीने अंगठा दिला आणि शाईचं बोट पदराला पुसत मला विचारलं, "आता गावात धरत्यात का आमाला?" मी म्हणालो, धरावं लागेल. परत येताना मला फार हलकं वाटत होतं. इतकं हलकं वाटलं की माझं मलाच संशयास्पद वाटायला हवं होतं.

आठवडा गेला असेल. चेतनचा फोन आला, आवाजात नुसता साखरेचा पाक. "सर, गुड न्यूज. परवानगीच्या साहेबांशी बोललो. नव्या नकाशाने धरलं तर आपला पूर्ण प्लॉट त्या अंतराच्या आत येतो. मंगल कार्यालयामुळे! तुमचं काम होतंय, सर." मग, "फक्त एक छोटं हमीपत्र द्यावं लागेल. त्या नकाशावर काही लोकांनी हरकत घेतलीय. मॅप अडकला तर सगळंच अडकेल. म्हणून ज्यांना आत्ता परवानगी पाहिजे त्यांच्याकडून घेतायत. फॉरमॅलिटी आहे." त्याने कागद माणसाकरवी घरी पाठवला. स्टॅम्पपेपरवर टाइप केलेलं होतं: नवीन नकाशातील गावठाणाची हद्द आम्हास मान्य आहे. सदर वस्ती गावठाणाचा भाग नाही याची आम्हास जाणीव आहे. याबाबत आम्ही कोणतीही हरकत घेणार नाही व कोणी घेतल्यास तीस पाठिंबा देणार नाही. खाली दोन रेघा, अर्जदार एक, अर्जदार दोन. प्लॉट दोघांच्या नावावर आहे. काही लोकांनी! ते काही लोक म्हणजे मी. माझाच मजकूर, माझंच 'विनम्रपणे', साहेबांच्या टेबलावर त्यांना डोकेदुखी होऊन बसलं होतं, आणि तिचं औषधही माझ्याकडेच मागितलं होतं. मी दिवाणखान्यात बसून मोठ्याने हसलो. आतून नंदाने विचारलं, काय झालं? मी म्हणालो, काही नाही, घर मंजूर होतंय.

मग मी बराच वेळ त्या कागदापुढे बसून होतो आणि सगळ्यांना शिव्या देत होतो. साहेबाला, चेतनला, मंगल कार्यालयात ज्यांची ज्यांची लग्नं लागली असतील त्यांना. मग पोपटलाही दिल्या. त्याला काय, बुलेटवर फिरतो, वस्तीत राहून त्याचं सगळं छान चाललंय. गावठाणात गेला काय आणि न गेला काय. त्या म्हातारीला काय फरक पडणार आहे? आणि माझ्या एका हरकतीने का सरकार रेघ पुसणार होतं? हे सगळं मी स्वतःला इतक्या सफाईने सांगितलं की मला स्वतःचं कौतुक वाटलं. गॅलरीत नंदा एका हाताने कठडा धरून पिंपळाची पिवळी पानं काढत होती. वाकताना ती तोंडाने बारीक आवाज करते, तो तिला ऐकू येत नाही. मला येतो. रोज येतो. मी पेन उघडलं आणि सही केली. माझी सही फार सुरेख आहे, खात्यात नवी पोरं ती गिरवायची. आणि ती करताना मला अगदी स्पष्ट जाणवलं की माझा उजवा पाय टेबलाखाली आपोआप वळला.

"नंदा, जरा ये. सही करायचीय."

ती आली, भिंतीला हात लावत. खुर्चीत बसली. पेन हातात घेतलं. तिला मी आजवर जिथे म्हणालो तिथे तिने सही केली आहे. बँकेत, सोसायटीत, पूर्वाच्या, आमच्या मुलीच्या, लग्नाच्या नोंदणीत. सही करायला टेकवलेलं पेन तिने उचललं. "काय लिहिलंय यात?"

"काही नाही ग. फॉरमॅलिटी."

"वाचा ना. माझा चष्मा आत आहे."

मी वाचलं. सरकारी भाषा मला भरभर वाचता येते. मी भरभर वाचलं. "सदर वस्ती" पाशी ती म्हणाली, "कुठली वस्ती?" मी म्हणालो, "पोपटची." "जिथे विहार आहे ती?" "हो." "जिथे तुम्ही परवा अर्ज लिहून दिलात, ती?" मी मान हलवली. मग तिने पेनाचं टोपण शोधलं, लावलं आणि पेन कागदावर आडवं ठेवलं.

"मी नाही करणार."

"अगं, वेडी आहेस का? अंगण मिळतंय. या जिन्यातनं सुटतेस. तुझे गुडघे—"

"गुडघे माझे आहेत ना?" ती म्हणाली. चिडून नाही. "मग मी बघते त्यांचं."

मला तिचा राग आला. खरंच आला. आयुष्यभर साठवलेला सगळा तुच्छतेचा माल माझ्या जिभेवर तयार होता आणि समोर ही बाई, सुजलेल्या पायांवर तळहात ठेवून बसलेली, आणि तिच्यावर टाकण्याजोगं त्यातलं मला काहीच सापडेना. मी म्हणालो, "मग पिंपळाचं काय करणार? बादली फुटेल आता."

"उद्या पोपटला टेम्पो घेऊन बोलवा. वस्तीत लावू, शाळेपाशी. जमीन आहे तिथे." मग तिने कागद जवळ ओढला, चष्म्याशिवाय, डोळे बारीक करून बघितलं. "ही तुमची सही ना? खोडा ती."

"स्टॅम्पपेपर आहे. त्यावर खाडाखोड करता येत नाही."

"मग फाडून टाका."

मी कागद उचलला. दोन्ही हातांनी धरला. वर माझं नाव होतं, घर होतं, आणि 'मंजूर' या शब्दाच्या मी इतक्या जवळ कधी आलो नव्हतो. नंदाने माझ्या हातांकडे बघितलं आणि मग टेबलाला धरून उठली. "राहू दे," ती म्हणाली. "तुम्हाला नाही जमायचं." आणि भिंतीला हात लावत, कडेकडेने, ती आत गेली.

कागद अजून माझ्या हातात आहे.